उदबत्तीतला ऊद

शुक्रवार, संध्याकाळचे सात. चाकणहून निघालेली आमची गाडी मोशीच्या अलीकडे नेहमीसारखी रुतलेली. स्टिअरिंगवरची मैत्रीण सुट्या भागांच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि नुकतीच तुर्कस्तानातल्या बुर्साला तीन आठवडे ट्रेनिंग करून आलीये. बुर्सा म्हणजे त्यांचं चाकणच म्हणा ना, गाड्यांचे कारखानेच कारखाने. लोक तिकडून मिठाई आणतात, बाईसाहेब फोन भरून ऊद घेऊन आल्या.

"म्हणजे अत्तर ना?" मी विचारलं.

हसू नका, शब्द एकच आहे! अरबीत ऊद म्हणजे लाकूड. जाळायचं सुगंधी लाकूडही ऊद (आपल्या उदबत्तीत तोच तर बसलाय) आणि हे तंतुवाद्यही ऊद. गोल फुगीर पोट, आखूड मान, मागे मोडल्यासारखा शेंडा. तारा साधारण अकरा, पाच जोड्या आणि खर्जाची एकटी. पडदे नाहीत, त्यामुळे सरोदसारखी झकास मींड निघते. वाजवायच्या पट्टीला तुर्की लोक मिझराप म्हणतात. सतारवाल्यांची मिजराब ती हीच. आपल्या रागाच्या जवळपासचं जे काही असतं ते मकाम, म्हणजे आपल्या मुक्कामाचा सख्खा भाऊ. आणि तालाशिवाय, एकट्यानं, सुचेल तसं वाजवणं म्हणजे तक्सीम. जुन्या वतनाच्या कागदांत हिश्श्याला तक्षीम म्हणायचे, तोच शब्द. आम्ही 'वर्ल्ड म्युझिक' म्हणून भाव खाणार, तर निम्मा शब्दकोश आजोबांच्या ट्रंकेतला निघाला.

उदी ह्रांत (१९०१–१९७८) हे इस्तंबूलचे अर्मेनियन वादक, जन्मापासून अंध. 'उदी' म्हणजे ऊद वाजवणारा. पहिल्यांदा ऐकणार असाल तर त्यांच्यापासून सुरुवात करा. रेकॉर्डिंग जुनी आणि खरखरीत आहेत, पण माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं.

खरी गंमत रविवारी झाली. आमचे बाबा चिंचवडच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली, त्यात कान गेले. पूर्ण नाही, बारीक आवाजाचे. बासरी, व्हायोलिन, नातीचं बोलणं, सगळं अर्धवट पोचतं. मशीन लावलं की भांडी वाजल्यासारखी वाटतात म्हणे. त्यामुळे दोन वर्षांपासून पेटी कपाटावर आणि घरात गाणं लावलं की बाबा गॅलरीत.

मी स्वयंपाकघरात फोनवर हिजाज मकामातलं एक तक्सीम लावलं होतं. ऊदचा आवाज खालचा, जाडसर. बाबा गॅलरीतून आत आले. काही न बोलता फोन उचलला, स्पीकर कानाशी धरला.

"भैरव लावलायस?"

"तुर्की आहे, बाबा."

"असू दे. सा, कोमल रे, शुद्ध ग, म. भैरवच." थोडं ऐकून म्हणाले, "पण रे चढलाय याचा. बेसूर नाही, मुद्दाम चढवलाय."

मी लगेच शोधलं. तुर्की संगीतशास्त्रात एका पूर्ण स्वराचे नऊ बारीक भाग करतात आणि हिजाजचा रे आपल्या भैरवातल्या रे पेक्षा खरंच वर असतो. बाबांना वाचून दाखवलं. निम्मं ऐकू आलं असेल, कारण तोवर ते स्टुलावर चढले होते.

पेटीवरची धूळ माझ्याच ओढणीनं पुसली गेली. मग अर्धा तास काळी दोन आणि पांढरी तीन, पुन्हा काळी दोन.

"मधेच आहे कुठेतरी," बाबा म्हणाले. "परत लाव."