वाट पाहण्याचा हक्क

कॅन्सर म्हटला की कापून काढा, ही कामगारवस्तीतील सार्वत्रिक धारणा. आणि खाजगी रुग्णालयांचे अर्थकारण याच भीतीवर पोसले जाते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची प्राथमिक अवस्था मात्र या धारणेत बसत नाही.

ब्रिटनमध्ये 1999 ते 2009 या काळात निदान झालेल्या, रोग ग्रंथीबाहेर न गेलेल्या 1,643 पुरुषांची जणू चिठ्ठ्या टाकून तीन गटांत विभागणी झाली. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, तिसऱ्यावर केवळ नियमित तपासण्यांची देखरेख. पंधरा वर्षांचा हिशेब 2023 साली प्रसिद्ध झाला. या रोगाने दगावलेले तिन्ही गटांत शेकडा तीनच्या आसपास! रोग शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण देखरेखीखाली शेकडा 9.4, शस्त्रक्रियेनंतर 4.7 होते, हे लपविण्याचे कारण नाही. उग्र रोगाला थांबणे मानवत नाही, हेही खरेच. पण दुसरे पारडे? शस्त्रक्रियेनंतर बारा वर्षांनीही जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या रोग्यांना लघवी गळते म्हणून पॅड वापरावे लागत होते. देखरेखीच्या गटात हे प्रमाण शेकडा 11. किरणोपचार घेतलेल्यांपैकी शेकडा 12 जणांचा शौचावरील ताबा वरचेवर सुटत होता.

पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन चाकणच्या फाटकावर बारा तासांची रखवाली करणाऱ्या म्हाताऱ्याला हे आकडे कोणी सांगतो काय? जवळ मुतारी नाही, फाटक सोडता येत नाही. त्याच्या दृष्टीने ओले धोतर म्हणजे गेलेली नोकरी.

मात्र वाट पाहणे म्हणजे घरी बसणे नव्हे. ठरावीक काळाने रक्ततपासणी, प्रसंगी ग्रंथीचा तुकडा काढून पाहणी, आणि रोगाने वेग घेतला की उपचार. त्या ब्रिटिश गटातील शेकडा 61 जणांना पंधरा वर्षांत कधी ना कधी उपचार घ्यावेच लागले. इथेच मेख आहे. सर्वसाधारण मेडिक्लेम खाटेवर पडल्याखेरीज पैसे देत नाही. कापण्याचे बिल मंजूर, थांबण्याचे नामंजूर! राज्य विमा योजनेची दारे 2017 पासून एकवीस हजारांच्या वेतनमर्यादेशी अडतात. ज्याच्या खिशातून प्रत्येक तपासणीचा खर्च जातो, तो दुसऱ्या वर्षी येत नाही; मग देखरेखीचा अर्थ उपेक्षा एवढाच उरतो.

म्हणून पुढील वेतनकराराच्या मसुद्यात युनियनांनी निवृत्तांच्या बाह्यरुग्ण तपासण्यांचे कलम घातले पाहिजे. मोहननगरच्या विमा रुग्णालयाने व महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयाने अशा रोग्यांची नोंदवही ठेवावी, तारीख चुकली तर घरी निरोप धाडावा, आणि शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी तिन्ही मार्गांचे फायदे-तोटे मराठीत वाचून दाखवावेत.