मक्याला जिवाणू खत दिलं म्हणून युरिया बंद करता येत नाही. मग वाचतं काय?

सिल्लोड, कन्नड, वैजापूर पट्ट्यात कपाशीची जागा मक्यानं घेतली, त्याला बरीच वर्षं झाली. इथेनॉलमुळे मागणीही वाढली. २०२५-२६ साठी केंद्रानं हमीभाव क्विंटलला २४०० रुपये केला, पण आवक वाढली की व्यापारी त्याच्या खालीच बोली लावतो. भाव शेतकऱ्याच्या हातात नाही, म्हणून नजर खर्चाकडे जाते. तिथेच दुकानात जिवाणू खताचं पाकीट पुढे येतं आणि 'हे टाका, युरिया लागणारच नाही' असं सांगितलं जातं.

हे खरं नाही. मक्याची नेहमीची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश. म्हणजे एकरी डीएपीची साधारण एक गोणी आणि युरियाच्या दोनला थोड्या कमी. अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) नीट वापरले, तर यातला फार तर पाव हिस्सा कमी करता येतो. मका गुडघ्याएवढा झाल्यापासून तुरा येईपर्यंत नत्र भराभर ओढतो; तेवढा वेग जिवाणूंना जमत नाही. त्या दिवसांत युरियाचा हप्ता चुकवला की पानं पिवळी पडतात आणि कणीस बारीक राहतं.

आता पैशाचा हिशोब. पाव हिस्सा नत्र म्हणजे एकरी २६ किलो युरिया. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे वाचले जेमतेम दीडशे. डीएपीची गोणी १३५० रुपयांची. तिचा पाव हिस्सा म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. एकच पाकीट घ्यायचं असेल तर पीएसबीचं घ्यावं, ते जास्त परवडतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत टाकलेलं स्फुरद बरंचसं अडकून पडतं, ते सोडवायचं काम हे जिवाणू करतात.

गोम आहे ती बियाण्यात. पाकिटावर बीजप्रक्रिया करा म्हणून लिहिलेलं असतं, पण हायब्रीड मक्याचं बी कंपनीकडूनच औषध लावून रंगीत येतं. त्याच बियाण्यावर जिवाणू चोळले तर त्यातले किती जगतील, याचा भरवसा नाही. त्यापेक्षा दोन्ही जिवाणू एकरी दोन-दोन किलो, पन्नास ते शंभर किलो कुजलेल्या शेणखतात कालवून, ओल असताना सरीत द्यावेत. रासायनिक खतात मात्र कालवू नयेत. आणि रायझोबियम देत असतील तर घेऊ नका, ते तूर-हरभऱ्याचं आहे, मक्याचं नाही.

शेणखत तर मुळातच हवं. जमिनीत सेंद्रिय कर्ब नसेल तर जिवाणू खाणार काय? पण दावणीला जनावरं राहिली नाहीत, मुरघासाला अख्खं झाड उचललं जातं, नाहीतर धांडे पेटवून दिले जातात. एक टन शेणखतात नत्र असतं साधारण पाच किलो, आणि तेही सगळं पहिल्या हंगामात मिळत नाही. अर्धकच्चं टाकलं तर उलट ते कुजताना जमिनीतलं नत्र खातं. धांडे रोटाव्हेटरनं बारीक करून जमिनीत गाडणं हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग.

राहिला लिंकिंगचा प्रश्न. युरिया हवा तर ही बाटलीही घ्या, असा आग्रह टंचाईच्या दिवसांत होतो. ती बाटली बहुतेक वेळा जिवाणू खताची नसतेच, बायोस्टिम्युलंटची असते. २०२१ पासून तीही खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, पण जिवाणू खत वेगळं. त्याच्या लेबलवर जिवाणूचं नाव, त्यांची संख्या आणि अंतिम मुदत असायला हवी. लेबलवर हे नसेल, किंवा पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापलेलं असेल, तर घेऊ नये. पक्कं बिल मागावं. खताची सक्ती केल्याचं लेखी देऊन तक्रार तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे करता येते. बिलावर बाटलीचं नाव असेल तर ती टिकते.