तिशीतले मरण आणि चाळिशीची तपासणी

केंद्र शासनाने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रमसंहिता अमलात आणल्या. त्यांच्या गौरवार्थ निघालेल्या प्रसिद्धीपत्रकांत एका तरतुदीचा उल्लेख मोठ्या अभिमानाने केलेला आढळतो: चाळीस वर्षांवरील श्रमिकाची वर्षातून एकदा मालकाच्या खर्चाने आरोग्य-तपासणी. ऐकावयास हे बरे वाटते, आणि ज्यांना आजवर कसलीच तपासणी मिळाली नाही त्यांना ते बरे वाटल्यास नवल नाही. परंतु चाळीस हा आकडा ज्यांनी ठरविला त्यांनी गारगोटी दळणाऱ्या मजुराचे आयुष्य किती असते याची चौकशी केली होती काय, हा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो.

ती चौकशी अवघड नव्हती. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतील आदिवासी पोटासाठी गुजरातेत उतरत आणि गोध्रा व बालासिनोर परिसरातील गारगोटी दळण्याच्या गिरण्यांत राबत. तेथे निघणारी पिठासारखी पांढरी भुकटी काचेच्या व चिनी मातीच्या धंद्यास लागते. काही हंगाम काम करून ही माणसे गावी परतत ती खोकला आणि धाप घेऊन. मेलेल्यांत ऐन विशी-तिशीतील स्त्रीपुरुषांचा भरणा होता. एकाच घरातील नवरा, बायको, भाऊ असे पाठोपाठ गेले. २०१० साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात शासनास केली. ते पैसे देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ४ मे २०१६ रोजी द्यावा लागला. मधली साडेपाच वर्षे कागद फिरत राहिले. या मजुरांना चाळिशीची तपासणी मिळाली असती तर ती त्यांच्या श्राद्धाच्या वेळी मिळाली असती.

या माणसांच्या फुप्फुसांत नेमके काय घडले, हे आज रेणूंच्या पातळीवर सांगता येते. आमच्या काही साथींना हा विषय आपला वाटत नाही. पेशी, प्रथिने, उंदरांवरील प्रयोग हे सारे वातानुकूलित खोल्यांतील विद्वानांचे आणि औषध-कंपन्यांचे क्षेत्र. आपला लढा रस्त्यावरचा, असे ते म्हणतात. औषध-कंपन्यांविषयीचा त्यांचा संशय रास्त आहे. परंतु ज्या ज्ञानाने मालकाची बचावाची एकेक सबब खोटी ठरते, ते ज्ञान त्याच्याच वकिलाच्या स्वाधीन करून आपण मोकळे होणे, हा शुद्ध आळस आहे. म्हणून थोड्या तपशिलात शिरतो.

गारगोटी म्हणजे सिलिकाचा स्फटिक. तो दळला गेला की त्याचे काही कण पाच मायक्रॉनहूनही लहान होतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा दहावा भागही नव्हे. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बहुतांशी नाकात व घशात अडते. जी दिसत नाही ती श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचते. तेथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. जंतू असो वा काजळीचा कण, त्यास गिळावयाचे आणि आपल्या अंगातील पाचक पिशव्यांत जिरवावयाचे, हे त्यांचे काम. या पिशव्यांना लायसोसोम म्हणतात. जंतू जिरतो, स्फटिक जिरत नाही. उलट त्याच्या पृष्ठभागावरील सिलॅनॉल नावाचे रासायनिक गट पिशवीच्या नाजूक पटलावर आघात करतात, ते पटल फाटते आणि आतील विकरे पेशीच्या पोटातच सांडतात. ॲलिसन, हॅरिंग्टन व बर्बेक या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर हे १९६६ सालीच दाखवून दिले होते.

पिशवी फाटल्यावर पुढे काय होते, हा धागा २००८ साली हाती आला. लोझान, मॅसॅच्युसेट्स आणि आयोवा येथील संशोधक-गटांनी जवळजवळ एकाच वेळी तो उलगडला. पेशीच्या आत एनएलआरपी-३ नावाचे एक प्रथिन असते. त्यास धोक्याची घंटा म्हणावे. लायसोसोम फुटल्याची वर्दी मिळताच ते इतर प्रथिनांशी जुळून एक संकुल बनवते, ते संकुल कॅस्पेज-१ या विकरास जागे करते आणि त्याच्या द्वारे इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा संदेश पेशीबाहेर पडतो. संदेश ऐकून नव्या भक्षक पेशी धावून येतात. एव्हाना पहिली पेशी मेलेली असते आणि तिच्या पोटातील स्फटिक, तसाच अखंड, बाहेर पडलेला असतो. त्यास दुसरी पेशी गिळते. तीही मरते. मग तिसरी. या सततच्या दाहात टीजीएफ-बीटा या प्रथिनाच्या इशाऱ्याने तंतुजनक पेशी कोलॅजेनचे धागे विणू लागतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांच्या गाठी बनतात, गाठी एकमेकींत मिसळतात आणि जेथे मऊ, हवेशीर ऊती होत्या तेथे चामड्यासारखा वण उरतो. ज्या उंदरांच्या शरीरातून एनएलआरपी-३ चे जनुक काढून टाकले होते, त्यांच्या फुप्फुसांत सिलिका घालूनही दाह व वण कमी आढळले. घंटेचा संबंध याने पक्का झाला.

या शोधाकडे पक्षकार्यकर्त्याच्या नजरेने पाहावे. गिरणीमालकाची पहिली सबब अशी असते की, हा माणूस आमच्याकडून जाऊन पाच वर्षे झाली, आता आजारी पडला तर आमचा काय संबंध? प्रयोगशाळा याचे उत्तर देते. स्फटिक झिजत नाही, विरघळत नाही म्हटले तरी चालेल, आणि पेशी-पेशींमधून त्याचा प्रवास मजुराने गिरणी सोडल्यावरही चालूच राहतो. म्हणूनच सिलिकोसिस हा रोग धूळ थांबल्यानंतरही वाढतो. दुसरी सबब: धूळ तर सगळीकडे असते, शेतात असते, रस्त्यावर असते. ट्युरिन येथील संशोधकांनी २०२० साली दाखविले की स्फटिक फुटला की त्याच्या ताज्या पृष्ठभागावर विशिष्ट रचनेचे सिलॅनॉल तयार होतात आणि पेशीचे पटल फाडण्याची शक्ती त्यांच्यात असते. वाऱ्यापावसात जुनी झालेली वाळू आणि यंत्राखाली आत्ताच फुटलेली गारगोटी, यांत हा फरक आहे. तो फरक यंत्राने केला आणि यंत्र मालकाचे आहे.

वण पडलेली ऊती पूर्ववत करणारे औषध आजही उपलब्ध नाही. फुप्फुसाच्या इतर तंतुमय विकारांत पिरफेनिडोन व निंटेडॅनिब ही औषधे वण वाढण्याचा वेग कमी करतात. ती सिलिकोसिसच्या रोग्यांना द्यावीत काय, याचा अभ्यास होत आहे. तो जरूर व्हावा. एनएलआरपी-३ ला रोखणारी रसायने शोधण्यासाठी मोठ्या कंपन्यांनी पैसा ओतला आहे, तो मात्र सिलिकोसिससाठी नव्हे. संधिवात, हृदयविकार, स्थूलता असल्या श्रीमंत देशांतही ग्राहक असलेल्या विकारांसाठी. आदिवासी मजुराचे फुप्फुस हे या बाजाराचे गिऱ्हाईक नाही. आणि असे औषध उद्या निघाले तरी स्फटिक फुप्फुसातच राहणार. धूळ आत जाण्यापूर्वीच अडविली पाहिजे, हा निष्कर्ष कोणा चळवळ्याचा नाही, वरच्या सगळ्या प्रयोगांचा आहे.

धूळ कशी अडवावी, हे कोणास ठाऊक नव्हते असे नाही. १५५६ साली छापलेल्या आपल्या खाणग्रंथात ॲग्रिकोला या जर्मन विद्वानाने कार्पेथियन डोंगरातील अशा स्त्रियांचा उल्लेख केला आहे की ज्यांनी सात-सात नवऱ्यांशी लग्न केले आणि सातही धुळीने मेले. १९३०-३१ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून बोगदा खोदण्यात आला. खडकात सिलिका भरपूर आहे हे कंपनीस माहीत होते. पाणी मारून छिद्रे पाडली की धूळ बसते. पण काम मंदावते. म्हणून कोरडीच छिद्रे पाडली गेली. पाहणीस येणारे अधिकारी तोंडावर मुखवटे बांधून येत; मजूर, ज्यांत बहुसंख्य दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय होते, ते उघड्या तोंडाने राबत. १९३६ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे ४७६ मृत्यूंचा आकडा आला; पुढील अभ्यासात तो ७६४ पर्यंत गेला. हा बोगदा ज्या कंपनीसाठी खोदला जात होता तिचे नाव युनियन कार्बाइड. भोपाळच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट आहे.

आता एका देशी प्रयोगशाळेविषयी. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने सिलिकोसिसची आगाऊ सूचना देणारी एक रक्त-चाचणी विकसित केली आहे. श्वासनलिकांच्या सूक्ष्म शाखांतील क्लब पेशी सीसी-१६ नावाचे एक प्रथिन स्रवतात. ते दाह शमविणारे आहे. सिलिकाने या पेशींना इजा झाली की रक्तातील त्याचे प्रमाण घसरते, आणि हे क्ष-किरणाच्या चित्रात गाठी दिसू लागण्याच्या पुष्कळ आधी घडते. क्ष-किरणात दिसेपर्यंत रोग हाताबाहेर गेलेला असतो. थोड्याशा रक्तावर, गावच्या आरोग्य केंद्रात करता येईल अशी ही चाचणी आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या या कामाचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

स्वागतानंतर एक प्रश्न उरतो, आणि तो विज्ञानाचा नाही. चाचणीचा कागद कोणाच्या हाती जाणार? तो प्रथम मालकाच्या टेबलावर गेला तर काय होईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. ज्याचे सीसी-१६ घसरले त्यास दुसऱ्या दिवशी मुकादम सांगेल की उद्यापासून येऊ नकोस. रोगाचे लक्षण नाही म्हणून भरपाई नाही, आणि रक्त बिघडले म्हणून काम नाही, अशा दुहेरी कात्रीत तो सापडेल. गुदरलेल्या मजुराचा वकील भरपाई मागू लागला तर समोरचा म्हणेल, विडी ओढणाऱ्याचेही सीसी-१६ घसरते. आणि हे खरेही आहे. म्हणून चाचणीबरोबर तीन गोष्टी कायद्याने बांधल्या गेल्या पाहिजेत, असे आमचे मत आहे. अहवाल श्रमिकाचा व त्याने निवडलेल्या डॉक्टरचा असावा. ज्याचे रक्त इशारा देते त्यास पूर्ण वेतनावर धुळीबाहेरचे काम मिळावे. आणि एका ठिकाणच्या अनेकांचे रक्त एकदम घसरले तर तपासणी माणसांची थांबवून यंत्राची व हवेची व्हावी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारण एकटा मजूर विडी ओढत असेल, सगळा कारखाना विडीने आजारी पडत नाही.

नव्या संहितेत धोकादायक प्रक्रियांतील श्रमिकांसाठी वेगळ्या वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परंतु कारखाना कशास म्हणावे याची मर्यादाच वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० वरून २० श्रमिकांवर नेण्यात आली आहे. धोकादायक उद्योगांपुरती संख्येची अट शिथिल करण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे ठेवला आहे. तो वापरला जाईल की नाही, हे त्याच्या मर्जीवर. गारगोटीच्या गिरण्या, दगड घडविणाऱ्यांच्या पत्र्याच्या शेड, स्वयंपाकघरातील चकचकीत ओट्यासाठी कृत्रिम दगडाच्या फरशा कापणारी छोटी दुकाने, यांत माणसे किती असतात हे ज्याने पाहिले आहे त्यास या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्या फरशांत सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांवर बंदीच घातली. अमेरिकेने २०१६ साली हवेतील श्वसनीय सिलिकाची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅमवर आणली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टातील सूत्राने शुद्ध गारगोटीसाठी ती सुमारे ०.१, म्हणजे दुप्पट येत होती, आणि ती तरी मोजली कोणी?

हा प्रश्न गुजरात-मध्य प्रदेशापुरता नाही. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातील फाउंड्र्यांत वाळूचे साचे फोडणारा आणि फेटलिंगच्या खात्यात ओतीव माल घासणारा कामगार याच धुळीत उभा असतो. कणकवली तालुक्यात कासार्डे येथे सिलिका वाळूच्या खाणी आहेत. तेथे खोकणारा कामगार सरकारी दवाखान्यात गेला की बहुधा क्षयाच्या खात्यात नोंदला जातो. क्ष-किरणात दोन्ही रोग सारखे दिसू शकतात, आणि भक्षक पेशी निकामी झाल्याने सिलिकोसिसच्या रोग्यास क्षय होतोही लवकर. म्हणून हे निदान अगदी खोटे ठरविता येत नाही. मात्र क्षयाची भरपाई मालकास द्यावी लागत नाही. राजस्थानने २०१९ साली या धूळरोगांसाठी स्वतंत्र धोरण केले आणि प्रमाणपत्र देणारी वैद्यकीय मंडळे नेमली. महाराष्ट्रातील साथींनी त्या धोरणाची प्रत मिळवून वाचावी.

ते होईपर्यंत प्रत्येक युनियनने करण्यासारखे एक साधे काम आहे. अलिराजपूरच्या मजुरांकडे गिरणीत काम केल्याचा कागद नव्हता. हजेरीपटावर नाव नव्हते, पगार हातात मिळे. सिलिकोसिस पीडित संघाच्या कार्यकर्त्यांना पाड्यापाड्यांतून फिरून कोण कोठे किती महिने राबले याची नोंद घ्यावी लागली. आपल्या सभासदांची अशी वही आजच घालावी: नाव, खाते, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, शेजारी कोण उभा होता. पगाराची चिठ्ठी असेल तर तिची प्रत जोडावी. दहा वर्षांनी वैद्यकीय मंडळ पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, आणि तेव्हा कारखाना त्या नावाने उभा असेलच असे नाही.