तो बुलबुल नव्हेच!

मैत्रिणींनो, देवळ्याकडचा मुलूख तसा उघडा, कांद्याचा नि डाळिंबाचा. पण ओढ्याकाठच्या एखाद्या आंबराईत डबा सोडून बसलात, की सावलीत तांबूस पाखरू हलताना दिसेल. काळी शेंडी बघून आपण म्हणतो, ‘बुलबुल दिसतोय,’ आणि पुन्हा भाकरीकडे वळतो. जरा थांबा! ती स्वर्गीय नर्तकाची मादी असू शकते.

ओळखायचं कसं? बुलबुल उघड्यावर, शेंड्यावर बसतो, फळं खातो आणि त्याच्या शेपटीखाली लाल डाग असतो. नर्तक सावली सोडत नाही. फांदीवर ताठ बसतो, एकदम झेपावून उडता किडा हवेतच टिपतो. म्हणून तर त्याला माशीमार म्हणायची पद्धत पडली. शास्त्रज्ञ मात्र आता त्याचं कुळ वेगळं मानतात. पाठ विटकरी, पोट पांढुरकं, डोळ्याभोवती निळसर कडं. ‘च्ये-च्वे’ असा खरखरीत आवाज आला, की मान वर करा.

पांढराशुभ्र, लांब फितींसारख्या शेपटीचा दिसला तर तो पुरा वाढलेला नर. तांबूस पण शेपटी लांब, तोही नरच. तांबूस आणि शेपटी आखूड असेल, तर मादी किंवा कोवळा नर. नराला लांब शेपटी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. भडक पदर नको, बांगड्या वर सारा आणि पाण्याच्या डबक्याजवळ गप्प बसा. नर्तक फांदीवरून पाण्यात बुडी मारून अंघोळ करतो.

आणखी एक गंमत! घरटं बांधणं, अंडी उबवणं, पिलांना भरवणं ही कामं नर-मादी दोघंही करतात. तो डौलदार नर अंड्यांवर बसतो, तेव्हा शेपटी घरट्याबाहेर लोंबत असते. घरी जरूर सांगून बघा!

मात्र मे ते जुलैच्या सुमारास खालच्या फांदीवर कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली वाटी दिसली, तर मुलांना हात लावू देऊ नका, फांदी वाकवू नका. आपण घुटमळलो की आई-बाप दूर राहतात आणि कावळ्याला आयतीच जागा सापडते. लांबूनच बघा, नि लवकर निघा. पाखराची ओळख पटली, एवढं पुरे.