आधी पहिल्या रात्रीची भाकरी

तेराव्याच्या जेवणाची ऑर्डर द्यायला बहुधा घरातला जावई नाहीतर पुतण्या येतो. कराडात माझं पोळीभाजी केंद्र आहे. प्रीतिसंगमावर दहाव्याचे विधी होतात, त्यामुळे अशी माणसं आमच्याकडे वरचेवर येतात. बुंदी की जिलेबी, पुरी की पोळी, पाचशे धरू की सातशे, यावर बराच वेळ बोलणं चालतं. मग मी विचारते, "घरात सध्या जेवणाचं कोण बघतंय?" समोरचा माणूस गप्प होतो. नाहीतर म्हणतो, "चाललंय काहीतरी, ताई."

हे 'काहीतरी' मला सहन होत नाही. ज्या घरात माणूस गेलं त्या घराला जेवणाची गरज पहिल्या दिवसापासून असते, आणि आपण सगळा पैसा आणि सगळं डोकं तेराव्या दिवसावर खर्च करतो. हे बदलायला हवं.

जुन्या माणसांनी याची सोय नीट लावली होती. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. मातीला गेलेली माणसं आंघोळी करून परतली की भावकीतून, शेजारून भाकरी-पिठलं यायचं. पुढचे दिवसही वाटून घेतलेले असायचे, आज थोरल्या चुलत्याकडून, उद्या मळ्यातल्यांकडून. कोण काय आणणार, हे त्या घरच्या बाईला विचारायला कुणी जात नसे. मुस्लिम घरांतही पहिले तीन दिवस नातलग आणि शेजारीच जेवण पोचवतात. पिठलंच का, तर डाळीचं पीठ प्रत्येक घरात असतं, अर्ध्या तासात होतं, आणि घशाखाली घास उतरत नसला तरी गरम पिठल्यात भाकरी कुस्करून चार घास जातात.

आता भावकी गावाकडे राहिली आणि माणसं फ्लॅटमध्ये आली. त्यात मुलगा पुण्याहून, मुलगी बंगळूरहून, कुणी अमेरिकेहून यायचं असतं, म्हणून अंत्यविधी दुसऱ्या दिवसावर जातो. शवपेटी येते, बर्फ येतो, खुर्च्या येतात. जेवण येत नाही.

ओळखीच्या एका घरी असंच झालं. यजमान रात्री गेले, मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोचणार होता. काकूंना मधुमेह. सकाळी सवयीने त्यांनी गोळी घेतली, पोटात दोन घोट चहा. दुपारी त्या घामाने भिजल्या, हात थरथरायला लागले, बोलण्याचा धागा सुटायला लागला. बायका म्हणाल्या, दुःखाने असं होतं, पडू द्या जरा. त्यांच्या पुतणसुनेने कपाटातलं मशीन काढून साखर तपासली. ती पार खाली गेली होती. साखरेचं पाणी पाजलं, मग शेजारच्या घरात नेऊन दहीभात भरवला, तेव्हा काकू भानावर आल्या. त्या घरात तेव्हा साठेक माणसं असतील. काकूंनी काही खाल्लंय का, हे सकाळपासून एकानेही विचारलं नव्हतं.

अंत्यविधी होईपर्यंत खायचं नाही, हे ज्यांना पाळायचं आहे त्यांनी जरूर पाळावं. पण लहान मुलं, म्हातारी माणसं, गोळ्या-इन्शुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना शेजारच्या घरात नेऊन खाऊ घातलंच पाहिजे. त्याने गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही.

यासाठी नात्यातल्या, पण दुःखाच्या अगदी मध्यभागी नसलेल्या एका माणसाने जेवणाचं काम अंगावर घ्यावं. हिशेब अवघड नाही. रात्री तीस माणसं जेवायची असतील तर साठ भाकरी लागतात, म्हणजे ज्वारीचं पाच ते सहा किलो पीठ. त्यांना किलोभर डाळीच्या पिठाचं पिठलं पुरतं. भाकरी एकाच घरावर टाकू नये, चार घरांनी पंधरा-पंधरा केल्या तर तासाभरात होतात. मुलांसाठी मऊ भात आणि साधं वरण वेगळं ठेवावं, तिखट पिठलं ती खात नाहीत. बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासमध्ये भरावा आणि थर्मासवर चिठ्ठी चिकटवावी. पाण्याचे जार आधी मागवावेत, कारण उन्हातून आलेली माणसं पहिलं पाणीच मागतात. डबे कुणाचे आहेत ते झाकणावर लिहावं, म्हणजे परत द्यायची चिंता त्या घराला राहत नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन वेळचा डबा कोण देणार, हे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरवून टाकावं. मात्र त्या ग्रुपमध्ये मयताच्या घरचं कुणी नको.

चहाचंही सांगते. दहा दिवस माणसं भेटायला येतात आणि सुना दिवसभर कपबश्या धुतात. स्वतःचा बाप गेलेला, नाहीतर सासू गेलेली, आणि ही बाई आलेल्या प्रत्येकाला विचारतेय, साखर किती? भेटायला जाणाऱ्याने घरून चहा पिऊन जावं आणि तिथे ठामपणे नको म्हणावं.

आता तेराव्याबद्दल. तेरावं करूच नका, असं मी म्हणत नाही. सुतकात गोड नाही, तळण नाही. तेराव्याला पुन्हा कढई चढते, पुऱ्या होतात, तोंड गोड होतं. घर परत उभं राहायला याचा उपयोग होतो, हे मी पाहिलेलं आहे. गेलेल्या माणसाला आवडायचं ते एखादं पक्वान्न करावं, लेकीबाळी, खांदा दिलेली माणसं, पहिल्या दिवसापासून डबे देणारे शेजारी जेवावेत. पन्नास-साठ ताटांत हे सगळं बसतं. त्यापुढची चारशे ताटं लोक काय म्हणतील या भीतीची असतात. दीडशे रुपये ताट धरलं तरी पाचशे माणसांचे ७५,००० रुपये होतात. दवाखान्याचं बिल भागवून नुकतीच मोकळी झालेली घरं ही रक्कम सोसायटीकडून नाहीतर सावकाराकडून उचलतात. ऑर्डर लहान झाली तर माझाच धंदा कमी होणार, हे मला कळतं. तरी कर्ज काढून तेरावं घालणाऱ्याला मी आधी आकडा कमी करायला सांगते.

गाडगेबाबा गावोगावच्या कीर्तनांतून कर्ज काढून जेवणावळी घालू नका म्हणून सांगत राहिले. १९५६ साली ते गेले. त्यानंतर चार वर्षांनी, १९६० मध्ये, राजस्थान सरकारने मृत्यूभोजाविरुद्ध कायदाच केला. घरचे आणि पुरोहित धरून शंभर माणसांपर्यंतच जेवू घालायची मुभा त्यात आहे. कायदा होऊनही तिथे पंगती उठतच राहिल्या, म्हणून माझा भरवसा गावाच्या ठरावावर जास्त आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. कुंकू पुसणं आणि बांगड्या फोडणं याविरुद्ध एक गाव उभं राहू शकतं, तर तेराव्याला घरचे आणि जवळचे सोडून कुणी जेवायचं नाही, हे ठरवणं त्यापेक्षा सोपं आहे. दहाव्याला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं करणाऱ्या पुढाऱ्यांनी हे माईकवर सांगावं आणि स्वतः न जेवता निघावं. मोठ्या माणसाने पंगत नाकारली की गरिबाला ती टाळण्याचं बळ येतं.

एक गोष्ट मात्र ठरावाने होणार नाही, ती ज्याची त्यालाच करावी लागेल. तुमच्या गल्लीत, तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी गेलं की "काही लागलं तर सांगा" म्हणून घरी परतू नका. त्या घरातलं कुणी सांगत नसतं. कुणाला गोळ्या चालू आहेत ते शेजारच्या बाईला विचारा, पीठ मळायला घ्या आणि रात्री आठच्या आत डबा घेऊन दारात उभे राहा.