क्रूझवर 'सगळं जेवण समाविष्ट' असतं, मग वेगळ्या रेस्टॉरंटचं बिल कशाचं?

'राहणं, जेवण, शो, सगळं समाविष्ट.' क्रूझच्या जाहिरातीतलं हे वाक्य आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. इंदापूर-बारामतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ते फिरतं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो, वडिलांची निवृत्ती असो किंवा कारखान्याचं ऊसबिल खात्यावर जमा झालेलं असो, 'यंदा विमानाऐवजी बोटीने जाऊ' असा विषय निघतो आणि कुणीतरी हीच जाहिरात पुढे ढकलतं.

जाहिरात खोटी नसते. तिकिटाच्या पैशात सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं खरोखर मिळतं. पण जहाजावर पाऊल ठेवलं की कळतं, तिथे जेवणाच्या दोन प्रकारच्या जागा आहेत. एका ठिकाणी सरळ आत जाऊन बसायचं. दुसऱ्या ठिकाणी दारातच खोलीचा नंबर विचारतात आणि बिल खोलीच्या खात्यावर चढतं. या दुसऱ्या प्रकाराला 'स्पेशालिटी रेस्टॉरंट' म्हणतात.

हा फरक मराठी प्रवाशांनी आत्ताच समजून घ्यायला हवा, कारण मुंबईहून सुटणारी जहाजं बदलत आहेत. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज फिरतंय. १९९० साली बांधलेलं हे जहाज आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं. त्यावर जेवणाच्या जागा मोजक्याच आहेत. 'फूड कोर्ट' नावाचं बुफे आणि 'स्टारलाइट' हे रेस्टॉरंट तिकिटात येतं, 'शेफ्स टेबल'ला वेगळे पैसे पडतात. पण एप्रिल २०२५ मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने आपली 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' ही दोन जहाजं कॉर्डेलियाला भाड्याने देण्याचा करार जाहीर केला. स्काय २०२६ मध्ये आणि सन २०२७ मध्ये, असं त्यात ठरलं. नॉर्वेजियन ही तीच कंपनी, जिने २००० च्या सुमारास 'वाटेल तिथे, वाटेल तेव्हा जेवा' ही पद्धत आणली आणि जहाजावर पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटची रांग लावली. या दोन्ही जहाजांवर तशा जागा आधीपासून आहेत. नव्या कंपनीच्या हातात त्यांचं काय होईल ते होईल, पण निवडीचा प्रश्न आता सिंगापूर किंवा मायामीला जाणाऱ्यांपुरता राहणार नाही.

भिगवणच्या हॉटेलात हे सगळ्यांना माहीत आहे

पुणे-सोलापूर हायवेवर इंदापूर तालुक्यातलं भिगवण उजनीच्या माशांसाठी ओळखलं जातं. तिथे ताट मागवलं की भाकरी, भात, रस्सा येतो. रस्सा संपला की वाढपी विचारायच्या आत वाटीत ओततो. पण चिलापी फ्राय किंवा मरळ हवी असेल तर तो हिशोब वेगळा. मटणाच्या खानावळीतही हेच, रस्सा हवा तेवढा, पीस मोजून. याला कुणी फसवणूक म्हणत नाही, कारण बसण्याआधीच फळ्यावर दर लिहिलेला असतो.

क्रूझचं गणित वरवर असंच दिसतं. मुख्य भोजनगृह आणि बुफे म्हणजे ताट, स्पेशालिटी म्हणजे फ्राय. एक फरक मात्र मोठा आहे. भिगवणला ताट नको, फक्त फ्राय आणि भाकरी द्या, असं म्हणता येतं. मग ताटाचे पैसे लागत नाहीत. जहाजावर ताटाचे पैसे तिकिटातच कापले गेलेले असतात. एखाद्या रात्री स्पेशालिटीत जेवलात म्हणून मुख्य भोजनगृहातल्या न खाल्लेल्या जेवणाचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे त्या रात्रीच्या जेवणाला पैसे दोनदा जातात.

गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हे असं नव्हतं. पैसे देऊन जेवायचं वेगळं रेस्टॉरंट ही कल्पना आजची नाही. १९०५ मध्ये जर्मनीच्या 'अमेरिका' या जहाजावर रिट्झ-कार्लटनच्या नावाने असं रेस्टॉरंट सुरू झालं होतं. टायटॅनिकवरही पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी तसं रेस्टॉरंट होतं. लुइजी गात्ती हा इटालियन गृहस्थ ते चालवायचा आणि १९१२ च्या त्या बुडीत तोही गेला. पण टायटॅनिकच्या कंपनीने एक सोय ठेवली होती. मुख्य भोजनगृहात जेवणार नाही असं आधी ठरवलं, तर तिकिटात सवलत मिळायची. आजच्या मोठ्या क्रूझ कंपन्यांनी रेस्टॉरंटची कल्पना उचलली, सवलत मात्र मागेच राहिली.

तिकीट स्वस्त, कमाई आत

कंपन्या हे का करतात, याचं उत्तर त्यांच्या वार्षिक अहवालात उघड लिहिलेलं असतं. तिथे उत्पन्नाचे दोन भाग दाखवतात, एक तिकिटांचा आणि दुसरा जहाजावरच्या खर्चाचा. दारू, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, स्पा, वाय-फाय आणि ही रेस्टॉरंट, सगळं दुसऱ्या भागात येतं. जगातली सगळ्यात मोठी क्रूझ कंपनी कार्निव्हलचं २०२३ चं उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर होतं. त्यातले जवळपास साडेसात अब्ज, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, तिकिटाबाहेरून आले. रॉयल कॅरिबियनचंही प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपासच आहे.

तिकिटाचा दर इंटरनेटवर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे तो कमी ठेवण्याची चढाओढ असते. प्रवासी एकदा जहाजावर चढला की चढाओढ संपते. समुद्राच्या मध्यावर शेजारचं दुसरं हॉटेल नसतं.

म्हणून 'समाविष्ट' या शब्दाची हद्द हळूहळू आत सरकते आहे. नॉर्वेजियनने २०१५ मध्ये आणि रॉयल कॅरिबियनने २०१७ मध्ये खोलीत जेवण मागवण्यासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली. आधी ते फुकट होतं. कार्निव्हलच्या मुख्य भोजनगृहात आता दोन मुख्य पदार्थ तिकिटात येतात, तिसऱ्याला ५ डॉलर लागतात. काही जहाजांवर मुख्य भोजनगृहाच्या मेन्यूतच लॉबस्टरसारख्या पदार्थांपुढे किंमत छापलेली असते. म्हणजे फ्रायची पाटी आता ताटाच्या आतही आली आहे.

पैसे द्यावेत म्हणून समाविष्ट जेवण मुद्दाम बेचव केलं जातं, असा आरोप नेहमीचे प्रवासी करतात. तो सिद्ध करणं अवघड आहे, आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही नाही. मुख्य भोजनगृहाला एका संध्याकाळी हजार-दोन हजार माणसं जेवू घालायची असतात, तेही अनेकदा दोन पंगतींत. स्पेशालिटीत माणसं कमी असतात आणि पदार्थ मागणी आल्यावर बनतो. लग्नाच्या पंगतीतली आमटी आणि घरी चार माणसांसाठी केलेली आमटी यांत जो फरक पडतो, तोच इथेही पडतो.

सगळ्याच कंपन्या या वाटेने गेलेल्या नाहीत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या व्हर्जिन व्हॉयेजेसने बुफेच ठेवला नाही आणि सगळी रेस्टॉरंट तिकिटात धरली. पण तिथे मुलांना नेता येत नाही, त्यामुळे सहकुटुंब निघणाऱ्यांसाठी ती सोय कामाची नाही.

शाकाहाऱ्याने लॉबस्टरचे पैसे का भरायचे?

मराठी कुटुंबांच्या बाबतीत खरी मेख इथे आहे, आणि पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकात ती क्वचितच सापडते.

बहुतेक स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये पदार्थागणिक नाही, तर माणशी ठरावीक दर असतो. आंतरराष्ट्रीय जहाजांवर रात्रीच्या जेवणाला तो साधारण ३० ते ७० डॉलर पडतो. सगळ्यात महाग जागा म्हणजे स्टेकहाउस, सीफूड आणि सुशी. तो दर ठरतो बीफ, लॉबस्टर आणि कोळंबीच्या किमतीवर. शाकाहारी माणूस तिथे बसला तर त्याच्या पानात सॅलड, मशरूम, बटाटा आणि गोड पदार्थ येतो. दर मात्र तोच. चिकन खाणारे पण बीफ न खाणारे, असे आपल्याकडे बरेच असतात. त्यांनाही स्टेकहाउसचा निम्मा मेन्यू नुसता वाचायचा असतो.

उलट, समाविष्ट जेवणात शाकाहाऱ्याची सोय जास्त चांगली होते. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी इतके असतात की बुफेत डाळ, भात, भाजी, रोटी सहसा असतेच. रॉयल कॅरिबियनच्या मुख्य भोजनगृहात भारतीय शाकाहारी पदार्थ मिळतात आणि वाढप्याला आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशीची तयारी होते. कॉर्डेलियावर तर जैन जेवणही मिळतं. जैन किंवा उपवासाचं हवं असेल तर मात्र ते बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं लागतं. परदेशी जहाजावर चतुर्थीला साबुदाणा मिळणार नाही. फळं, दूध, उकडलेला बटाटा मिळेल. 'लाडू-चिवडा बरोबर घेऊ' हा आपला हुकमी उपायही अर्धाच चालतो, कारण घरी केलेलं अन्न बहुतेक कंपन्या चढवू देत नाहीत. बंद पाकिटातला सुका खाऊ बऱ्याच ठिकाणी चालतो.

आता आकडा मांडून पाहू. समजा, इंदापूरचे आई-वडील, मुलगा आणि सून सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला गेले. एका रात्री स्पेशालिटीत जेवायचं ठरलं. दर माणशी ५० डॉलर. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, म्हणजे ५९ डॉलर. चौघांचे २३६. डॉलरला ९० रुपये धरले तर २१,२४० रुपये, एका जेवणाचे. आई-वडील शाकाहारी असतील तर त्यातले निम्मे म्हणजे १०,६२० रुपये सॅलड-बटाट्याचे झाले. शिवाय ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं ते म्हणजे रोजची टिप. ती मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर माणशी, दर रात्री, साधारण १६ ते २० डॉलर खात्यावर आपोआप लागते. १८ डॉलर धरले तर चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर, म्हणजे जवळपास २६ हजार रुपये. हे स्पेशालिटीत न जेवताही जातात. घरून निघताना जो आकडा डोक्यात होता त्यात हे दोन्ही नव्हते.

मग स्पेशालिटीत कधीच जाऊ नये का? तसं नाही. सात-आठ रात्रींच्या प्रवासात मुख्य भोजनगृहाचा तोचतोपणा जाणवू लागतो. तिथे एखादी रात्र, खासकरून मांसाहारी जोडप्याने लग्नाच्या वाढदिवशी घालवलेली, वसूल होते. पण मुंबई-गोव्याच्या दोन रात्रींच्या सहलीत रात्रीची जेवणंच दोन असतात. त्यातलं एक पैसे देऊन घेण्यात फारसा अर्थ नाही, विशेषतः इंदापूरहून पुणे ओलांडून मुंबईच्या बंदरापर्यंत यायलाच दिवस आणि गाडीखर्च गेलेला असताना.

जायचंच असेल तर काही गोष्टींनी पैसे वाचतात. निघण्याआधी कंपनीच्या ॲपवर बुक केलं तर दर बहुधा जहाजावरच्यापेक्षा कमी असतो. समुद्रातच काढायच्या दिवशी काही रेस्टॉरंट दुपारीही उघडतात, तेव्हाचा दर रात्रीपेक्षा बराच उतरतो. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी वेगळा, कमी दर असतो. चौघांनी एकत्रच बसायला हवं असंही नाही. मुलगा-सून स्टेकहाउसमध्ये आणि आई-वडील मुख्य भोजनगृहात, यात कुणाचा अपमान होत नाही आणि दहा हजार वाचतात. 'स्पेशालिटी जेवण फुकट' अशी ऑफर दिसली तर तिच्याखालची बारीक अक्षरं वाचावीत. अनेकदा जेवण फुकट असतं, त्यावरचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं.

क्रूझ भारत मिशन ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबईतून सुरू झालं. २०२९ पर्यंत देशातले क्रूझ प्रवासी दुप्पट करायचं त्याचं उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं. जहाजं आणि प्रवासी वाढतील तशी पॅकेज विकणारी तालुक्याच्या गावची ऑफिसंही वाढतील. तिथे पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारून उत्तरं लेखी घ्यावीत. कोणकोणत्या रेस्टॉरंटमध्ये जेवण तिकिटात आहे, त्यांची नावं काय? रोजची टिप पॅकेजमध्ये धरली आहे की जहाजावर लागेल? आणि चहा-पाण्याखेरीज कोणती पेयं तिकिटात येतात? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण कोल्ड्रिंक आणि मशीनची कॉफी बऱ्याच जहाजांवर समाविष्ट नसते, आणि मुलं दिवसातून चार वेळा तेच मागतात.