चारचौघांसारख्या चेहऱ्याचा नायक

सिनेमाचा नायक म्हटला की गोरा रंग, सरळ नाक, पिळदार शरीर असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. जाडा, रुंद तोंडाचा, दातांत फट असलेला माणूस पडद्यावर दिसला की हा एक तर खलनायक असणार, नाही तर हसवणारा नोकर, हे आपण आधीच ठरवून मोकळे होतो. वाचकहो, आज आम्ही ज्या नटाची ओळख करून देणार आहोत, त्याच्या वाट्याला हाच हिशेब आला होता. त्याचे नाव अर्नेस्ट बोर्गनाइन.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील हॅम्डेन या गावी २४ जानेवारी १९१७ रोजी त्याचा जन्म झाला. आईवडील दोघेही इटलीहून आलेले. घरचे आडनाव बोर्ग्निनो. त्या काळी अमेरिकेत इटालियन माणसाकडे तुच्छतेनेच पाहिले जाई. १८९१ साली न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने ११ इटालियनांना ठार मारले होते. १९२४ साली कायदा करून इटलीतून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंदच करण्यात आली. त्याच सुमारास या कुटुंबाने आडनाव बदलून बोर्गनाइन असे केले. पोर दोन वर्षांचे असताना आईवडील वेगळे झाले आणि आई त्याला घेऊन इटलीला गेली. साडेचार वर्षांनी ती परतली, तेव्हा कुठे संसार पुन्हा एकत्र आला.

शाळा संपताच १९३५ साली तो अमेरिकेच्या नौदलात भरती झाला. १९४१ साली सुटून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. तो पुन्हा भरती झाला. तोफखान्यातला साधा नौसैनिक म्हणून १९४५ पर्यंत त्याने नोकरी केली. जवळजवळ १० वर्षे अशी गेली. घरी परतला तेव्हा वय २८, हातात ना पदवी, ना कसब. कारखान्यांच्या फाटकांवर तो चौकशी करू लागला, पण आयुष्यभर त्या फाटकातून आत-बाहेर करण्याच्या कल्पनेने त्याचे मन बसेना.

अशा वेळी आईने त्याला सांगितले की, तुला चारचौघांपुढे सोंगे करायला आवडतात ना, मग नाटकातच का जात नाहीस? हा प्रसंग तो पुढे जन्मभर सांगत असे. २८ वर्षांच्या बेकार मुलाला कोणती आई असा सल्ला देईल? पण तिने दिला आणि मुलाने तो मानला.

नुसत्या सल्ल्याने मात्र शिक्षण होत नाही, त्याला पैसा लागतो. तो आला सरकारकडून. युद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा आणि घरकर्जाचा भार उचलणारा कायदा अमेरिकेत १९४४ साली झाला होता. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. त्यातलाच बोर्गनाइन एक. हार्टफर्ड शहरातील नाट्यशाळेत तो या मदतीवर शिकला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्याच्या कागदावर वर्णभेद नव्हता, पण अंमलबजावणी स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती होती. दक्षिणेकडील राज्यांत असंख्य काळ्या सैनिकांना ना कर्ज मिळाले, ना कॉलेजची दारे उघडली. बोर्गनाइनला मिळालेली संधी त्याच युद्धात लढलेल्या अनेकांना नाकारली गेली. संधी मिळाली की चारचौघांतला माणूस कुठवर जातो हे पाहताना, ती न मिळालेल्यांची आठवण ठेवलीच पाहिजे.

नाट्यशाळेनंतर तो व्हर्जिनिया राज्यातील ॲबिंग्डन गावी बार्टर थिएटर या संस्थेत गेला. मंदीच्या काळात, १९३३ साली हे नाट्यगृह सुरू झाले. तिकीट ४० सेंट. पैसे नसतील तर तेवढ्या किमतीची भाजी, दूध, अंडी आणावीत आणि नाटक पाहावे! पहिल्या हंगामाअखेर गल्ल्यात ४ डॉलर ३५ सेंट उरले, पण नटमंडळींचे वजन सर्वांचे मिळून ३०० पौंडांनी वाढले, असे तिथे अभिमानाने सांगतात. बोर्गनाइनने तिथे पडदे रंगवले, ट्रक चालवला आणि मिळतील त्या भूमिका केल्या. १९४९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘हार्वे’ या नाटकात त्याला इस्पितळातल्या मदतनिसाचे छोटे काम मिळाले.

सिनेमात आला आणि चेहऱ्याने दावा साधला. १९५३ सालच्या ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ या चित्रपटात तो लष्करी तुरुंगातला क्रूर सार्जंट झाला. फ्रँक सिनात्राने रंगवलेला बिचारा शिपाई त्याच्या माराने मरतो. १९५५ सालच्या ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ मध्ये एका जपानी शेतकऱ्याचा खून दडपणाऱ्या गावातला तो गुंड. तिथे एका हाताने अधू असलेला स्पेन्सर ट्रेसी त्याला चांगलाच लोळवतो. मारणारा नाही तर मार खाणारा, यापलीकडे या चेहऱ्याचा उपयोग कोणाला दिसत नव्हता.

मग आला ‘मार्टी’. लेखक पॅडी चायेफ्स्की, दिग्दर्शक डेल्बर्ट मान. खर्च सुमारे साडेतीन लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने अगदी किरकोळ. कथाही साधीच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीतला, खाटकाच्या दुकानात नोकरी करणारा ३४ वर्षांचा इटालियन घरातला मुलगा मार्टी. सगळ्या भावंडांची लग्ने झालेली. दुकानात येणाऱ्या बायका रोज विचारतात, तुझे कधी? आईही मागे लागलेली. आपण जाडे आणि कुरूप आहोत, मुली आपल्याकडे पाहत नाहीत, हे त्याच्या मनाने घेतलेले. एका रात्री नाचघरात त्याला क्लारा भेटते. शाळेत शिकवणारी, दिसायला साधी. तिच्याबरोबर आलेला तरुण तिला तिथेच टाकून दुसरीकडे गेलेला. दोघे रात्रभर बोलत राहतात. मार्टीला ती आवडते. दुसऱ्या दिवशी मित्र तिच्या दिसण्याची टवाळी करतात. मुलाचे लग्न झाले तर आपले काय होणार, या धास्तीने आईही नाक मुरडते. मार्टी कचरतो. कबूल करूनही फोन करत नाही. शेवटी मात्र मित्रांवर उखडतो आणि फोनच्या खोक्यात शिरून क्लाराचा नंबर फिरवतो. चित्रपट तिथेच संपतो.

आम्हाला या कथेत सर्वांत खरी वाटते ती मार्टीची कचर. आपल्या दिसण्यावरून लोक काय बोलतात हे सोसलेला माणूसच, लोकांच्या बोलण्यावरून दुसऱ्याला नाकारायला निघतो! अपमान सोसला म्हणून माणूस आपोआप शहाणा होत नाही. त्याला तसे ठरवावे लागते. बोर्गनाइनने हे ठरवणे चेहऱ्यावर असे दाखवले की त्याचा बोजड देह कोणाच्या ध्यानातही राहिला नाही.

१९५५ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च मान ‘मार्टी’ला मिळाला. २१ मार्च १९५६ रोजी ऑस्करच्या समारंभात उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि अभिनय असे चार पुरस्कार त्याने पटकावले. अभिनयाच्या स्पर्धेत बोर्गनाइनसमोर सिनात्रा होता, ट्रेसी होता, जेम्स कॅग्नी आणि जेम्स डीनही होते. पडद्यावर ज्याला मारले तो आणि ज्याचा मार खाल्ला तो, दोघांनाही मागे टाकून खाटकाची भूमिका करणारा नट जिंकला.

त्यानंतर तो थांबला नाही. १९६२ ते १९६६ ‘मॅकहेल्स नेव्ही’ ही दूरदर्शन मालिका, १९६७ चा ‘द डर्टी डझन’, १९६९ चा ‘द वाइल्ड बंच’, १९७२ चा ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ अशी त्याची कामे सांगता येतील. संसारात मात्र तो ठेचकाळला. पाच लग्ने केली. त्यातले १९६४ सालचे तर काही आठवड्यांतच मोडले. १९७३ साली केलेले पाचवे लग्न मात्र शेवटपर्यंत टिकले. २००९ साली ‘ईआर’ मालिकेत मरणपंथाला लागलेल्या पत्नीशेजारी बसलेला म्हातारा त्याने रंगवला आणि ९२ व्या वर्षी एमी पुरस्काराचे नामांकन मिळवले. ८ जुलै २०१२ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

वाचकहो, लग्नाच्या वयाची मुलेमुली आपल्याही घरात असतात. रंग, उंची, नाक यांची चर्चा चहाच्या कपाबरोबर सहज सुरू होते आणि आतल्या खोलीत कोणीतरी ती मुकाट्याने ऐकत असते. ‘मार्टी’ अवघा दीड तासाचा चित्रपट आहे. जमेल तेव्हा घरातल्या सर्वांनी एकत्र बसून तो पाहावा आणि मग मुलांना काय वाटले ते विचारावे. त्या वेळी वडीलधाऱ्यांनी थोडे गप्प बसून ऐकले, तर फार बरे.